कुंडीत वाफसा: टोमॅटोच्या चोवीस रोपांचं प्रकरण

काकांनी उपटून ठेवलेलं रोप मी हातात घेतलं, तर मुळाशी रोपवाटिकेतल्या प्रो ट्रेच्या (रोपं वाढवायच्या कप्प्यांच्या ट्रेच्या) कप्प्याचा आकार जसाच्या तसा होता. वर चौकोनी, खाली निमुळता, अंगठ्याएवढा कोकोपीटचा, म्हणजे काथ्याच्या भुशाचा गोळा. बारा दिवस मातीत राहूनही त्याच्या बाहेर एक पांढरी मुळी पडलेली नव्हती. गोळा दोन बोटांत चुरडला तर आतून कोरडा भुसा निघाला. आणि ज्या कुंडीतून ते रोप निघालं होतं, तिच्या तळाची माती हाताला चिकटत होती. नाकाशी नेली तर गटाराचा वास.

"रोज दोन वेळा पाणी घालतोय गं," काका म्हणाले. "खालून निघेपर्यंत घालतो. तरी दुपारी माना टाकतात. आता पाणी वाढवू की कमी करू, तेवढं सांग."

काका आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. पुण्यात वारज्याला पाच मजली इमारत, वर सगळ्यांची मिळून गच्ची, आणि निवृत्तीनंतर त्या गच्चीचा पूर्वेकडचा कोपरा काकांनी हक्काने घेतलेला. मी राहुरीहून शेतकीची पदवी घेतली आणि पुढे बँकेत लागले, पण सोसायटीच्या लेखी मी अजून 'झाडांची डॉक्टर'. त्यामुळे हे प्रकरण माझ्याकडे आलं. टिपणं ठेवत गेले म्हणून आता नीट मांडता येतंय.

काय घडलं होतं

९ जानेवारीला काकांच्या पुतण्याने नारायणगावजवळच्या रोपवाटिकेतून चोवीस रोपं आणून दिली. रोपं उत्तम होती. चार-पाच पानांची, जाड बुंध्याची, ठेंगणी. नारायणगाव म्हणजे टोमॅटोचं आगर, तिथल्या रोपवाटिका शेतकऱ्याला एकरांच्या हिशेबाने रोपं पुरवतात. त्यांच्या मालात खोट काढायला जागा नसते. रोपं लावली त्या मातीबद्दल मात्र मला पहिल्या मिनिटापासून शंका होती.

समोरच्या प्लॉटवर पायाचं खोदकाम चालू होतं. तिथून काकांनी काळी माती आणली, 'कसदार आहे' म्हणून. तिच्यात एक तृतीयांश शेणखत मिसळलं. कुंडीच्या तळाशी निचऱ्यासाठी तीन बोटं विटांचे तुकडे घातले, वर ही माती ठासून भरली, मधोमध खड्डा करून रोप ठेवलं आणि बोटांनी घट्ट दाबलं. आपल्याकडे दहापैकी आठ लोक कुंडी अशीच भरतात.

२१ जानेवारीला मी गच्चीवर गेले तेव्हा चोवीसपैकी सतरा रोपं गेलेली. मी आधी कुंड्या मोजल्या. सोळा प्लॅस्टिकच्या होत्या, आठ मातीच्या, काकूंच्या जुन्या मोगऱ्याच्या. प्लॅस्टिकच्या सोळांपैकी चौदा मेली होती. मातीच्या आठांपैकी तीनच. एकच माती, एकच खत, एकच पाणी, एकच ऊन, फक्त कुंडीची भिंत वेगळी. पुढचा सगळा तपास या आकड्यांभोवती फिरला.

मेलेल्या रोपांचेही दोन प्रकार होते. काहींचा बुंधा मातीलगत पाणचट होऊन दोऱ्यासारखा बारीक झाला होता आणि रोप तिथूनच आडवं झालेलं. ही नेहमीची कोलमड. पिथियमसारख्या बुरशी साचलेल्या ओलीत वाढतात आणि कोवळ्या रोपाच्या मानेलाच धरतात. बाकीची मात्र उभ्या-उभ्या वाळली होती. बुंधा हिरवा, पानं कुरकुरीत. म्हणजे बुडणं आणि तहानणं, दोन्ही मरणं एकाच मातीत.

पाणी कुठे जात होतं

एका कुंडीला काकांना माझ्यासमोर पाणी घालायला लावलं. झारी कलंडली, पाणी मातीवर एक क्षण थांबलं, मग कडेकडे सरकलं आणि प्लॅस्टिक आणि मातीच्या मधल्या फटीतून सरळ खाली उतरलं. पंधरा सेकंदांत खालच्या भोकातून निघालंही. काका समाधानाने म्हणाले, "बघ, निचरा चांगलाय."

निचरा नव्हता तो, पाणी पळून जात होतं. दख्खनच्या बेसॉल्टपासून झालेल्या आपल्या काळ्या मातीत फुगणारी चिकण भरपूर असते. ओली झाली की फुगते, सुकली की आक्रसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. कुंडीत भेग पडायची सर्वात सोपी जागा म्हणजे भिंतीलगतची कड. वरचा थर उन्हाने थोडा सुकला, माती भिंतीपासून सुटली, की पुढचं सगळं पाणी त्या वाटेने तळाशी जातं. तळ कायम चिबड राहतो आणि मधोमध बसलेलं रोप कोरडं.

त्यात आणखी एक गोम होती. रोपाचा गोळा कोकोपीटचा, म्हणजे जाड कणांचा आणि मोठ्या पोकळ्यांचा. भोवतालची माती अतिबारीक कणांची. पाणी नेहमी मोठ्या पोकळीतून बारीक पोकळीकडे ओढलं जातं. टीपकागद शाई ओढतो तसंच. त्यामुळे गोळ्यात जी थोडी ओल पोचायची, तीही शेजारची चिकण शोषून घ्यायची. माती हाताला ओली लागते, रोप मात्र तहानलेलं. काका ते बघून आणखी पाणी घालत होते, ते पुन्हा कडेने तळाला जात होतं, आणि थंडीत तिथलं पाणी उडून जायलाही वेळ लागतो. जानेवारीत पुण्याच्या रात्री दहा-बारा अंशांवर आलेल्या असतात.

शेतकऱ्याकडे या सगळ्यासाठी एक शब्द आहे: वाफसा. पाऊस किंवा पाणी देऊन झाल्यावर जमीन अशा टप्प्याला येते, की तिच्यात ओलही असते आणि हवाही. मूठ दाबली तर ढेकूळ होतं, बोट लावलं तर फुटतं. वाफसा आल्याशिवाय कुळव घालत नाहीत, पेरत नाहीत. मुळ्यांनाही श्वास घ्यावा लागतो, आणि पाण्यातून प्राणवायू हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळी गुदमरते. मग पाण्यात उभी असूनही तिला पाणी ओढता येत नाही.

काकांच्या प्लॅस्टिकच्या कुंड्यांना बारा दिवसांत एकदाही वाफसा आला नव्हता. मातीच्या कुंड्यांची भिंत पाझरते, बाहेरून पाणी उडून जातं, कडेची माती थोडी तरी श्वास घेते. पाच रोपं त्या जोरावर तगली होती.

काकूंचा स्पंज

विटांच्या तुकड्यांवरून मात्र काका अडून बसले. "माझे वडील घालायचे. निचऱ्याला नाही तर मग कशाला?"

मी काकूंकडून भांडी घासायचा नवा स्पंज मागून घेतला. बादलीत पूर्ण भिजवला आणि तळहातावर आडवा धरला. थोडं पाणी गळलं, मग थेंब थांबले. तसाच लांबीच्या कडेवर उभा केला. पुन्हा धार लागली, मग थांबली. मग आखूड कडेवर, म्हणजे सर्वात उंच उभा केला. आणखी पाणी आलं. स्पंज तोच, पाणीही तेच, उंची फक्त वाढली.

कुंडीतली मातीही या स्पंजासारखी वागते. पाणी खाली उतरतं, पण तळाशी येऊन थबकतं, कारण त्याच्याखाली त्याला ओढून घेणारी आणखी माती नसते. तळाचा काही बोटांचा पट्टा ओथंबलेलाच राहतो. तो पट्टा किती उंच, हे मातीच्या कणांवर ठरतं, कुंडीच्या उंचीवर नाही. जाडसर मिश्रणात दोन-तीन बोटं. चिकण मातीत जवळपास सगळी कुंडी. आता तळाशी विटा घातल्या की काय होतं? बारीक मातीतलं पाणी विटांमधल्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही, ओथंबलेला पट्टा विटांच्या वर येऊन बसतो आणि मुळांना मिळणारी कोरडी जागा तीन बोटांनी कमी होते. भोकावर एक खापरी ठेवावी, माती वाहून जाऊ नये म्हणून. तेवढंच तिचं काम.

शेताच्या जमिनीला बूड नसतं, म्हणून तिथे काळी माती सोनं आहे. तीच कुंडीत भरली की वाफसा वरून खाली येतच नाही. इंग्लंडमध्ये जॉन इनस संस्थेत १९३०च्या दशकात लॉरेन्स आणि न्यूवेल यांनी कुंडीसाठी माती कशी हवी हे मोजूनमापून ठरवलं. त्यांचं प्रमाण सात भाग निवडक माती, तीन भाग पीट, दोन भाग जाड वाळू. मातीही वाफेने तापवून बुरशी मारलेली. आपल्याकडे पीट नाही, त्याची जागा काथ्याच्या भुशाने घेतली.

"म्हणजे काळ्या मातीत वाळू घातली तर झालं," काका म्हणाले. हाही मोठा पसरलेला समज. चिकण मातीत थोडी वाळू घातली की चिकण वाळूच्या फटी भरून टाकते आणि वाळल्यावर वीट तयार होते. फरक पडायचा तर वाळू इतकी घालावी लागते की मातीच नावापुरती उरते. आणि मग ती गच्चीवर चढवायची कोणी?

पर्याय तपासताना

पुतण्याने फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आणखी वीस रोपं देतो म्हटलं. उन्हाळी लागवडीला उशीर होत होता, पण जमण्यासारखं होतं. हातात दोन आठवडे होते. या वेळी आधी मिश्रण ठरवू, मग रोपं आणू, एवढं मी काकांकडून कबूल करून घेतलं.

समोर तीन गोष्टी होत्या. जवळच्या नर्सरीत पोत्याने मिळणारी लाल माती, तिच्यात शेणखत. दुसरं, 'रेडी पॉटिंग मिक्स' म्हणून विकायला असलेली पिशवी. तिच्यावर भाज्यांचं रंगीत चित्र होतं, पण आत काय किती हे कुठेच नव्हतं. तिसरं, आपणच कोकोपीट, गांडूळखत आणि भाताचं तूस आणून मिसळायचं.

तपासणी काकांच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर झाली. एक लिटरच्या पाण्याच्या बाटल्या घेतल्या, गळे कापले, तळाला पाच-पाच भोकं पाडून चिकटपट्टीने बंद केली. प्रत्येकीत एकेक मिश्रण लिटरच्या खुणेपर्यंत भरलं, हलकेच आपटून बसवलं. मग हळूहळू पाणी सोडलं, पृष्ठभागावर चकाकेपर्यंत. अर्धा तास थांबून चिकटपट्टी काढली आणि खाली गळेल ते पाणी औषधाच्या मापाने मोजलं. जेवढं पाणी गळतं तेवढी हवा आत शिरते. इतका साधा हिशेब. रोपांच्या मिश्रणात शंभरातले दहा ते वीस भाग हवा असावी असा रोपवाटिकांचा ढोबळ मापदंड आहे.

काकांच्या काळ्या मातीतून तीस मिली आलं, तेही गढूळ, थेंब-थेंब करत. म्हणजे तीन टक्के. लाल माती आणि शेणखतातून सत्तर. विकतच्या पिशवीतून एकशे दहा. आमच्या मिश्रणाचे दोन-तीन घाट घातले, त्यातल्या शेवटच्यातून एकशे ऐंशी. काका प्रत्येक आकडा दूधवाल्याच्या वहीत लिहीत होते. काळ्या मातीचा आकडा लिहिताना काही बोलले नाहीत.

नुसत्या हवेवर निकाल दिला असता तर विकतची पिशवीही चालली असती. पण मिश्रणात क्षार किती हेही बघायला हवं होतं, म्हणून मी पाण्याच्या फिल्टरवाल्यांकडे असतो तसा, विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर आणला. आमच्या बोअरच्या पाण्याचंच वाचन ५२० यायचं. विकतच्या मिश्रणातून गळलेल्या पाण्याचं आलं १,६५०. कोकोपीटची वीट भिजवून पिळलेल्या पहिल्या पाण्याचं तर १,९००.

कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणातून काथ्या काढल्यावर उरणारा भुसा. तमिळनाडूतल्या पोल्लाचीच्या पट्ट्यातून तो देशभर जातो. सोडणात मुळातच पोटॅश आणि मीठ असतं, आणि जिथे सोडणं खाऱ्या पाण्यात मुरवतात तिथे ते आणखी वाढतं. मोठं टोमॅटोचं झाड थोडा खारेपणा सोसतं. पंचवीस दिवसांच्या रोपाची मुळी मात्र लगेच भाजते आणि पानांच्या कडा करपतात. शिवाय कोकोपीटचे कण पोटॅश आणि सोडियमला धरून ठेवतात आणि पहिल्या संधीला त्यांच्या बदल्यात कॅल्शियम खेचून घेतात. म्हणजे रोपाच्या वाट्याचं कॅल्शियम भुसाच खातो. यावर उपाय म्हणजे तो आधीच खाऊ घालायचा. पाच किलोची वीट फुलवली, पिंपात तीन वेळा धुऊन पिळली, मग शंभर ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट विरघळवलेल्या पाण्यात रात्रभर ठेवली आणि सकाळी पुन्हा एकदा धुतली. वाचन ७८० वर आलं. आमचं पाणीच ५२० असताना याहून खाली जायचा हट्ट मी केला नाही.

वीट निवडतानाही एक गोष्ट बघितली. स्वस्तातली वीट फुलवल्यावर पिठासारखी होते. असं पीठ पाणी धरतं आणि हवा अडवतं. आम्ही घेतलेल्या विटेत बोटभर लांबीचे काथ्याचे धागे दिसत होते, ते मुद्दाम चाळले नाहीत.

शेणखताची परीक्षा काकूंनी घेतली, खरं तर त्यांच्या डब्यातल्या अळीवाने. हे बी ओल लागली की दोन दिवसांत उगवतं आणि कच्च्या खतातल्या अमोनियाने लगेच करपतं. खत पिकलंय का हे बघायला प्रयोगशाळांतही हेच बी वापरतात. तीन वाट्या घेतल्या: काकांचं शेणखत, विकत आणलेलं गांडूळखत आणि साधा ओला कापूस. चौथ्या दिवशी कापसावर आणि गांडूळखतावर हिरवी दाट मखमल होती. शेणखताच्या वाटीत पाच-सहा मोड आले होते, त्यांची टोकं तपकिरी.

"माझ्या लाडवांचा अळीव यात जातोय," काकू म्हणाल्या, पण रोज सकाळी आधी वाट्या बघायला त्याच यायच्या.

काकांचं शेणखत बाद झालं. उकरलं तेव्हा आत हुमणीसारख्या दोन जाड पांढऱ्या अळ्याही निघाल्या. त्यांनी ते ज्याच्याकडून आणलं त्याला फोनवर बरंच ऐकवलं. ते इथे लिहीत नाही.

ठरलं ते

दोन टप्पे आणि दोन मिश्रणं. आधी रोपं पाच बाय सातच्या काळ्या पिशव्यांत पंधरा दिवस, नंतर वीस लिटरच्या ग्रो बॅगेत. एवढंसं रोप थेट मोठ्या बॅगेत लावलं तर भोवतीच्या मिश्रणातलं पाणी वापरणारं कोणी नसतं, ते साचून राहतं. लहान पिशवी दिवसभरात थोडी सुकते, पांढरी मुळी ओलीच्या मागे धावते. मिश्रण फारच मोकळं असेल तर थेट मोठ्या बॅगेतही चालतं, अनेक जण करतात. पण काकांचा झारीवरचा हात बघता मी धोका घेतला नाही.

लहान पिशवीसाठी घमेल्याच्या मापाने सहा भाग धुतलेलं कोकोपीट, दोन भाग गांडूळखत, दोन भाग तूस. माती अजिबात नाही. रोपाचा गोळाही कोकोपीटचाच, त्यामुळे गोळा आणि मिश्रण यांच्यात ओढाताण नाही. मुळीला उंबरठा ओलांडतोय हे कळायलाही नको. खत मुद्दाम कमी ठेवलं. या वयाचं रोप उपाशी मरत नाही, अति खाऊ घातलं तर मात्र मरतं.

मोठ्या बॅगेसाठी चार भाग कोकोपीट, तीन भाग गांडूळखत, दोन भाग लाल माती, एक भाग तूस, आणि प्रत्येक बॅगेला मूठभर निंबोळी पेंड. इथे माती घेतली ती एप्रिलच्या उन्हासाठी. नुसतं कोकोपीट दुपारपर्यंत हलकं होतं, वाऱ्याने काठीसकट झाड कलंडतं, आणि एकदा पूर्ण सुकलं की पुन्हा पाणी प्यायला कुरकुर करतं. दोन भाग मातीने थोडा ठहराव येतो.

तूस कामशेतजवळच्या भातगिरणीतून आलं, जवळपास फुकट. त्याऐवजी परलाइट वापरता येतं, त्याला मी नाव ठेवणार नाही, पण मावळात तुसाचे ढीग पडलेले असताना विकत आणलेले पांढरे दाणे कशाला? बाजारातल्या पिशवीच्या जवळपास निम्म्या खर्चात आमचं भागलं.

वजनाचाही विचार होता. ओली काळी माती लिटरला पावणेदोन किलोच्या आसपास भरते, म्हणजे वीस लिटरची बॅग पस्तीस किलो. एका चौरस मीटरमध्ये अशा चार ठेवल्या की एकशे चाळीस. वावर असलेल्या गच्चीसाठी आपल्या भारतीय मानकात चौरस मीटरला साधारण दीडशे किलोचा भार धरतात. आमचं मिश्रण भिजवून वजनकाट्यावर ठेवलं तर बॅग सोळा किलो भरली. सोसायटीच्या सेक्रेटरींना मी फक्त हा आकडा दाखवला, बाकी काही सांगावं लागलं नाही.

लागवडीनंतर

५ फेब्रुवारीच्या संध्याकाळी वीस रोपं पिशव्यांत गेली. लावण्याआधी ट्रेचा तुकडा पाण्यात टेकवून गोळे पूर्ण भिजवले. जानेवारीत हेही झालं नव्हतं. खालची दोन पानं खुडली आणि बुंधा तिथपर्यंत मिश्रणात गाडला; टोमॅटोच्या खोडाला जमिनीखाली जागोजागी मुळ्या फुटतात, वांग्या-मिरचीला हा लाड तेवढा मानवत नाही. दाबलं नाही, फक्त पिशवी दोनदा जमिनीवर आपटली.

जुन्या सात रोपांपैकी चार उपटून, मुळं धुऊन, नव्या मिश्रणात घेतली. मातीच्या कुंड्यांतली तीन तशीच ठेवली, बघू तरी म्हणून.

पाण्याचा नियम एकच केला. पिशवी उचलून बघायची, हलकी लागली तरच पाणी. काकांना हा नियम जमायला आठवडा लागला. पहिले तीन दिवस मी झारीच लपवून ठेवली होती.

सहाव्या दिवशी एक पिशवी उभी चिरली. कोकोपीटच्या गोळ्यातून सगळ्या बाजूंनी पांढऱ्या मुळ्या बाहेर पडल्या होत्या आणि तुसाच्या टरफलांना कवटाळून बसल्या होत्या. काकांनी चष्मा काढून, अगदी जवळ नेऊन पाहिलं. मग खिशातून फोन काढून पुतण्याला फोटो पाठवला. नेट सावकाश होतं, तर गच्चीच्या कठड्याशी जाऊन पुन्हा पाठवला.

सगळंच सुरळीत झालं असं नाही. दहाव्या दिवशी पिशव्यांत गवतासारखे कोंब वर आले. तुसात राहिलेले भाताचे दाणे उगवले होते! उपटून टाकले. बाराव्या दिवसापासून खालची पानं फिकट पिवळी पडू लागली. ही मात्र माझी चूक. दोन भाग गांडूळखत दहा दिवसच पुरलं, आणि मी पंधरा दिवसांचा हिशेब धरला होता. १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं रासायनिक खत लिटरला एक ग्रॅम, असं दोनदा दिल्यावर शेंड्याला रंग आला. काकांना रासायनिक काही नको होतं, त्यांनी परस्पर अर्ध्या रोपांना शेंगदाणा पेंड भिजवलेलं पाणी घातलं. रोपं दोन्हीकडची सारखीच सुधारली. पण पेंडीच्या पाण्याचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत उतरला आणि त्यावर सोसायटीच्या बैठकीत स्वतंत्र मुद्दा आला.

२० फेब्रुवारीला मोठ्या बॅगांत हलवली तेव्हा विसांपैकी एकोणीस जिवंत होती. एक कबुतराने मोडलं, त्याचा मिश्रणाशी संबंध नाही. वाचवलेल्या चारांपैकी तीन लागली.

एप्रिलमध्ये पहिल्या घोसातल्या फळांची बुडं काळी पडू लागली, चामड्यासारखी खपली. काकांनी लगेच औषधाच्या दुकानाचा रस्ता धरला, त्यांना जिन्यातून परत बोलावलं. हा रोग नाही. फळाच्या टोकाला कॅल्शियम पाण्याबरोबरच पोचतं, आणि दुपारी तीनला बॅग कोरडी, संध्याकाळी तुडुंब, असं रोज झालं की पुरवठा तुटतो. जे मिश्रण फेब्रुवारीत भरपूर हवा देऊन रोपांना वाचवत होतं, तेच एप्रिलच्या अडतीस अंशांत लवकर सुकत होतं. मोठ्या बॅगेत दोनऐवजी तीन भाग माती घ्यायला हवी होती, आणि तूस मोठ्या बॅगेत घ्यायलाच नको होतं. आता मिश्रण बदलणं शक्य नव्हतं. सकाळी सातला आणि दुपारी चारला असं विभागून पाणी, बॅगेच्या तोंडावर चार बोटं पालापाचोळा, पश्चिमेकडून हिरवी शेडनेट. तिसऱ्या घोसापासून बुडं स्वच्छ आली. उन्हाने फुलगळ झाली ती झालीच. तिच्यावर गच्चीवर कोणाकडे उपाय नसतो.

मातीच्या कुंड्यांत काळ्या मातीतच सोडलेल्या तिघांपैकी एक मार्चमध्ये गेलं, एक खुरटून राहिलं. तिसऱ्याने मात्र मे महिन्यातही फळं दिली, आणि त्याच्या एकाही फळाचं बूड काळं पडलं नाही. जूनमध्ये ती कुंडी रिकामी केली तेव्हा कारण दिसलं. तळाच्या भोकातली खापरी केव्हातरी सरकली होती आणि मुळ्या भोकातून बाहेर पडून कुंडीखाली साठलेल्या पालापाचोळ्यात, गच्चीच्या पन्हळीपर्यंत दीड हात लांब गेल्या होत्या. काकांनी ती मुळ्यांची वेणी तोडली नाही. कुंडीसकट उचलून खाली नेली आणि उरलेल्या काळ्या मातीबरोबर फाटकाजवळच्या जास्वंदीच्या आळ्यात उपडी केली.